तीन तोंडांचा चंबू

चंबू फुटला तो धुताना. तीन तोंडांचा, दीड लिटरचा चंबू मॅडमच्या साबणाच्या हातातून निसटला, मोरीत पडला आणि त्याचे सात तुकडे झाले. मॅडमनी सातही तुकडे टॉवेलात गुंडाळले आणि लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरून त्या तळघरात काचखान्यात आल्या.

"काका, हा गेला," त्या म्हणाल्या.

काचखाना म्हणजे त्या संशोधन संस्थेच्या तळघरातली एक लांबट खोली. एका भिंतीला काचेच्या नळ्यांची फडताळं, मधे ज्योतीचं टेबल, कोपऱ्यात भट्टी. बाजारात न मिळणारं भांडं कुणाला प्रयोगासाठी हवं असलं की ते इथे काच वितळवून, तोंडाने फुंकून तयार व्हायचं. करणारा माणूस एकच. चौतीस वर्षं तो हेच करत होता. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला फुंकरकाका म्हणत.

काकांनी टॉवेल उलगडला आणि हा कुठला चंबू ते त्यांनी लगेच ओळखलं. बुडाचा तुकडा त्यांनी जरा जास्तच वेळ हातात धरला.

"हाताला लागलं नाही ना?"

"हाताचं काय घेऊन बसलात, काका!"

"हात असले तर चंबू होतात, मॅडम. चंबूपासून हात होत नाहीत."

"अगदी असाच दुसरा हवाय मला. आणि लवकर."

"गुरुवारी न्या," काका म्हणाले आणि तुकडे टॉवेलासकट टेबलाच्या खणात ठेवले. फुटलेली काच ते कधी ठेवत नसत. पण मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं.

मॅडम चाळिशीच्या आतल्या. तिसऱ्या मजल्यावर त्या एक पारदर्शक, लुबलुबीत पदार्थ बनवत होत्या. कागदपत्रांत त्याला लांबलचक नाव होतं, काका त्याला खळ म्हणायचे, आणि हळूहळू मॅडमही खळच म्हणायला लागल्या होत्या. या खळीची गंमत अशी, की पातळ थर करून ब्लेडने कापला आणि दोन कडा एकमेकींना टेकवून ठेवल्या, तर दहा मिनिटांत त्या सांधायच्या. शिवण नाही, डिंक नाही. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला, कमरेला ज्या जखमा होतात, त्यांवर हा थर बसवायचा असा मॅडमचा बेत होता. रोगी कुशीवर वळला, थर फाटला, तरी तो आपला आपण सांधेल. जखम उघडी पडणार नाही, पट्टी ओढून काढताना कातडं निघणार नाही.

या जखमा काय असतात ते काकांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची बायको मणक्याच्या दुखण्याने आठ महिने आडवी होती. दर दोन तासांनी तिला वळवावं लागायचं, दिवसा मुलीने, रात्री काकांनी. "मी काय चादर आहे का हो, सारखी उलटीसुलटी करायला?" ती म्हणायची. तरी कमरेला जखम झालीच. औषध लावलं की आग व्हायची आणि मग काका वाकून फुंकर घालायचे. "जन्मभर काचेला फुंकलंत," ती एकदा म्हणाली होती, "माझा नंबर आत्ता लागला." तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

गुरुवारी काकांनी नवा चंबू दिला. तीच मापं, तीच नळी, तेच तीन सांधे. सोमवारी मॅडम तो परत घेऊन आल्या.

"खळ होत नाही. पाण्यासारखी पातळ राहते."

"चंबूत काय आहे, मॅडम? भांडं ते भांडं."

"मलाही तसंच वाटायचं. पण चौदा वेळा खळ केली, चौदाही वेळा त्या एकाच चंबूत, आणि चौदाही वेळा जमली. शेवटच्या दोनदा सांधायला जरा वेळ लागला, पण सांधली. आता हात तोच, कृती तीच, आणि नुसतं पाणी."

काकांनी आणखी एक चंबू केला. त्यातही पाणीच. तेवढ्यात इस्पितळाच्या प्रयोगशाळेचा निरोप आला. त्यांनी मॅडमची कृती वाचून सहा वेळा खळ करून बघितली होती आणि एकदाही ती घट्ट झाली नव्हती. वीस तारखेला त्यांची दोन माणसं समोर बसून बघणार होती. जमलं तर त्यांच्या तीस रोग्यांवर खळ वापरून बघायची. नाही जमलं तर तीस रोग्यांचं राहू द्या, मॅडमनी आधी छापलेला लेखही मागे घ्यायचा. त्यांच्या धंद्यात नियम एकच: एका हाताने झालेलं दुसऱ्या हाताने होत नसेल, तर ते झालंच नाही असं धरायचं.

भांडारातल्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला सगळे कुलूपराव म्हणत, कारण त्याच्याकडून साधी रबरी बूचं काढायची तरी तीन सह्या लागत. तो काकांना म्हणाला, "वरती कुजबुज चाललीय, ऐकलीत का? म्हणतात, बाईंनी आकडे शिजवले."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. म्हणजे मीही म्हणतो, पण मी आपला हळू म्हणतो."

"तू खिडकी लाव," काका म्हणाले.

त्याच दुपारी मॅडम पुन्हा खाली आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "काका, शेवटचं विचारते. त्या पहिल्या चंबूच्या काचेत काही वेगळं होतं का?"

काकांनी नोंदवही काढली. प्रत्येक भांड्याची त्यात एक ओळ असायची: तारीख, माप, भट्टीचं तापमान, वेळ, शेरा. बोट फिरवत त्यांनी दोन वर्षांपूर्वीची ओळ दाखवली. तीन तोंडी चंबू, दीड लिटर. पाचशे साठ अंश. एक तास. ठीक.

मॅडमनी ओळ वाचली. "तुमची वही म्हणजे दगडावरची रेघ," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

काका स्टुलावर बसून राहिले. ती ओळ खोटी होती.

झालं होतं ते असं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काका चंबूचं तिसरं तोंड जोडत होते. काच लालपिवळी होऊन मेणासारखी झाली की दोन्ही हातांनी ती सारखी फिरवत ठेवावी लागते, ओठांत रबरी नळी धरून बेताबेताने फुंकावं लागतं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव. सांधा अर्धा सोडला तर थंड होताना काच तडकते आणि तीन दिवसांचं काम वाया जातं. हात मोकळे नव्हते, तोंड मोकळं नव्हतं. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. काका फिरवत राहिले, फुंकत राहिले. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सांधा पुरा व्हायला अकरा मिनिटं लागली. मग त्यांनी चंबू भट्टीत ठेवला आणि फोन लावला.

"बाबा, या. आईचं जरा जास्त झालंय," मुलगी म्हणाली. "गाडी सावकाश चालवा."

काका पोचले तेव्हा ती गेलेली होती.

काच फुंकून झाली की तिच्यात ताण राहतो. तो जावा म्हणून तिला भट्टीत तासभर तापवून हळूहळू निववायचं असतं. तासाने खटका खाली ओढायचा, पुढचं भट्टी बघते. काका तो खटका न ओढताच निघाले होते. काचखान्याची किल्ली त्यांच्याच खिशात. सहाव्या दिवशी त्यांनी दार उघडलं तेव्हा खोली तापलेली होती आणि म्हाताऱ्या भट्टीचा काटा चढत चढत सहाशे वीसवर गेला होता. पाच दिवस चंबू आत भाजत होता.

बाहेर काढून उजेडात धरला तर आकार शाबूत. फक्त आरपार बघताना एक निळसर सावली दिसायची, काचेवर श्वास सोडल्यासारखी. पुसून जात नव्हती. भट्टीच्या वर काकांच्याच अक्षरात पाटी होती: शंका आली की फोडा. चौतीस वर्षांत त्यांनी किती भांडी फोडली असतील! हा चंबूही त्यांनी कचऱ्याच्या पिंपावर धरला. पण हात सुटेना. याच्यापायी आपण फोन घेतला नाही, आणि आता हाही फोडायचा, तर मग ती अकरा मिनिटं गेली कशासाठी? आणि वहीत पाच दिवस असं लिहिलं तर पुढे कारण लिहावं लागणार. त्यांनी लिहून टाकलं, एक तास, ठीक. दुपारी मॅडम भेटायला आल्या. म्हणाल्या, "काका, अशा वेळीही तुम्ही माझं काम पुरं केलंत." काकांनी नुसती मान हलवली होती.

आता त्यांनी वही मिटली. वास्तविक उत्तर त्यांना पहिल्याच सोमवारी, मॅडम नवा चंबू परत घेऊन आल्या तेव्हाच ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे ओळ खोटी असल्याचं सांगायचं, आणि एक ओळ खोटी निघाली की चौतीस वर्षांच्या वह्या संशयात. तेही एक वेळ चाललं असतं. अकरा मिनिटांचं कुणाला सांगायचं? ते तर त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

दोन दिवस त्यांनी असेच काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक मापनळी चुकवली, दुसरी तडकवली, आणि मग ज्योत बंद करून, वही काखेला मारून ते तिसऱ्या मजल्यावर गेले.

मॅडम संगणकासमोर होत्या. "वाचा," त्या म्हणाल्या. "लेख मागे घेण्याचं पत्र. वीस तारखेची वाट कशाला बघायची? मी चुकले तरी किंवा खोटं बोलले तरी. लोकांना काय हवं ते धरू दे."

"खोटं मी बोललो," काका म्हणाले.

मॅडम वळल्या. काकांनी वही उघडून समोर ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खटका, पाच दिवस, काटा, निळसर सावली. आणि आता सांगतोच आहोत म्हणून फोनचंही सांगितलं. सांगताना ते मॅडमकडे न बघता खिडकीतल्या कुंडीकडे बघत होते.

मॅडमनी ती ओळ पुन्हा वाचली. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "दोन वर्षं, काका? आणि परवा मी तुमच्या पाया पडायचीच काय ती बाकी होते, तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"तीन आठवडे मी स्वतःला वेड्यात काढतेय! झोप नाही मला!"

"मला काय बोलायचं ते बोला. माझी तक्रारही करा. पण ते पत्र आज पाठवू नका."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. काका वही उचलून निघणार, एवढ्यात त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "किती अंश म्हणालात?"

"सहाशे वीस."

"काटा खात्रीचा आहे?"

"भट्टी म्हातारी आहे, पण खोटं बोलत नाही. ते काम माझं."

मॅडम वळल्या. डोळे ओले होते, पण चेहरा मात्र नव्या कोड्यावर बसलेल्या माणसाचा झाला होता. "ते तुकडे टाकलेत?"

"खणात आहेत."

"आणा. आणि चंबू किती दिवसांत होतो?"

"आज बसलो तर तीन दिवस. पुढे भट्टीचे पाच."

मॅडमनी बोटांवर दिवस मोजले. वीस तारखेच्या दोन दिवस आधी चंबू बाहेर निघत होता.

भट्टी पाच दिवस चालू राहणार ही बातमी संस्थेत पसरायला वेळ लागला नाही. कुलूपराव मुद्दाम खाली येऊन काचेतून डोकावून गेला. "काका, काय उबवताय? डायनासोरची अंडी?"

"निघाली की पहिलं पिल्लू तुझ्या खिडकीत बसवतो. तुझ्यापेक्षा लवकर सामान देईल."

या वेळी काका रोज दोनदा काटा बघून आकडा वहीत टिपत होते. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी चंबू काढला. उजेडात धरला. निळसर सावली होती. एरवी त्यांनी कपाळाला हात लावला असता. आज ते चंबू दोन्ही हातांत धरून जिन्याने वर गेले, कारण लिफ्टला धक्के बसायचे.

मॅडमनी पातळ द्रव त्यात ओतला, गरम पाण्यात चंबू बसवला, ढवळणी सुरू केली. दोन तास. काका कोपऱ्यात खुर्चीवर बसले. दीड तास झाला आणि ढवळणीचा आवाज बदलला. पाण्यातून फिरणारी दांडी आता दाट काहीतरी कापत फिरत होती. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. मॅडमनी खळ काचेच्या तबकडीवर ओतली, थर होऊ दिला, ब्लेड घेऊन मधोमध कापला आणि कडा एकमेकींना टेकवल्या.

काका नकळत वाकले आणि त्यांनी चिरेवर हलकेच फुंकर घातली.

"काका! धूळ जाईल ना!"

"चुकलो. सवय आहे."

दहा मिनिटांनी मॅडमनी चिमट्याने एक टोक उचललं. दुसरं टोक त्याच्याबरोबर वर आलं. चीर कुठे होती ते शोधावं लागत होतं. मॅडम त्याच टेबलाला टेकून हसायला लागल्या, आणि हसता हसता मटकन खालीच बसल्या.

खरी गोष्ट कळली ती दुसऱ्या दिवशी, फुटक्या चंबूचे तुकडे आणि नव्या चंबूत उकळलेलं पाणी तपासल्यावर. मॅडम कागद नाचवत तळघरात आल्या. "टाकणखार, काका!"

"टाकणखार? सोनार दागिना जोडताना वापरतो तो?"

"तोच. तुमच्या काचेत त्याचा अंश असतो. वेळेवर निववली तर तो काचेत गप्प बसून राहतो. पाच दिवस भाजली की काचेत त्याचे वेगळे पुंजके होतात आणि मग तो पाण्यात उतरतो. खळीत धागे असतात ना, त्यांना तो गाठी मारतो. कापलं की गाठी सुटतात, कडा टेकवल्या की पुन्हा बसतात. दर वेळी थोडा उतरत गेला, म्हणून शेवटी शेवटी सांधायला वेळ लागत होता."

"म्हणजे पाच दिवस भट्टी तापवून निघालं काय, तर चिमूटभर टाकणखार?"

"चिमूटही नाही. मी आत्ता साध्या भांड्यात मोजून टाकून बघितला. झाली खळ."

"मग चंबू नकोच?"

"नको."

काकांनी मान डोलावली. चौतीस वर्षांत आपलं भांडं नको झाल्याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

वीस तारखेला इस्पितळाची दोन माणसं आली. त्यांतला वयस्कर गृहस्थ तोंडात कडू गोळी धरल्यासारखा बसला होता. मॅडमनी त्यांना काही करून दाखवलं नाही. टाकणखाराच्या दोन चिमुकल्या पुड्या आणि कृतीचा कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमचं भांडं, तुमचा हात. मी बाहेर बसते." अडीच तासांनी दार उघडलं तेव्हा कडू गोळीवाल्याच्या बोटाला खळ चिकटली होती आणि तो ती ओढून, तोडून, पुन्हा जोडून बघत होता, लहान पोरासारखा.

नवा लेख लिहायच्या वेळी मॅडमनी काकांना बोलावलं. "त्या पानाचा फोटो लागेल. दुरुस्त करून द्याल? खोडू नका, जुनं वाचता आलं पाहिजे."

काकांनी जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: सहाशे वीस अंश. पाच दिवस. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. थोड्या वेळाने त्यांनी लिहिलं: बायको वारली. भट्टी बंद करायला विसरलो. खाली सही केली, आणि शेजारी आजची तारीख. त्यांच्याबद्दल तक्रार झाली नाही असं नाही, संचालकांनी एक कडक पत्र दिलं. काकांनी ते वहीतच चिकटवून ठेवलं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, रविवारी, मुलगी बऱ्याच महिन्यांनी घरी आली. काकांनी तिला सगळं सांगितलं. पहिल्या रोगी बाईची जखम नवव्या दिवशी कडेने भरायला लागली होती, ते सांगितलं. पट्टी बदलताना ती बाई ओरडली नाही, ते दोनदा सांगितलं. आणि मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तुझा फोन मी लगेच उचलला नव्हता. सांधा चालू होता. अकरा मिनिटं."

"मला माहीत आहे, बाबा. मी दोनदा केला होता."

"तेवढ्यात आलो असतो, तर कदाचित..."

"तरीही भेटली नसती." मुलीने त्यांचा हात धरला. "पहिला फोन केला तेव्हाच आई गेलेली होती. अर्धा तास होऊन गेला होता. मला फोनवर तसं म्हणवेना. म्हणून म्हटलं, जरा जास्त झालंय."



"आणि सावकाश चालवा म्हणालीस ते?"

"घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तुम्ही तरी नीट पोचायला हवे होतात." ती थांबली. "मला वाटायचं, मी खोटं बोलले ते कळलं म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही."

"मला वाटायचं, मी फोन उचलला नाही म्हणून तू येत नाहीस."

दोन वर्षं दोघं असेच दोन टोकांना बसले होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"झोपेतच गेली," मुलगी म्हणाली. "त्याआधी सकाळी मी तिला पुसून देत होते. तेव्हा विचारलं तिने, आज काय फुंकतायत तुझे बाबा? मी म्हटलं, तीन तोंडांचा चंबू."

"मग?"

"म्हणाली, का गं, एका तोंडाने भागत नाही वाटतं त्यांचं?"

काकांच्या तोंडून आधी नुसताच श्वास बाहेर पडला, फुंकर घातल्यासारखा. मग ते हसायला लागले. मुलगीही हसायला लागली. दोघांचेही कप भरलेलेच होते, पण बराच वेळ कुणालाच ते उचलता येईनात.